जो हवालदाराच्या पुढे

३ नोव्हेंबर

नवी रोजनिशी सुरू. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे हिच्यात फक्त खरं लिहायचं. तरी मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे सापडतात असं ऐकून आहे, म्हणून अक्षर जरा बरं काढतो.

फौलाद करिअर अकॅडमी, दारव्हा. संस्थापक, संचालक आणि मुख्य प्रशिक्षक मीच, संघदीप सर. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करून घेतो. यंदाची बॅच दमदार आहे. सगळी पोरं, आणि एक मुलगी, सरदारभाई मेकॅनिकची फिजा. स्टाफमध्ये मी आणि हवालदार.

हवालदार आमचा कुत्रा. आईकडून लॅब्रॅडॉर, बापाचं नक्की नाही. घर मैदानाला लागून. माझी शिट्टी वाजली की हा ओट्यावरून सुटतो आणि पोरांबरोबर सगळ्या फेऱ्या मारून चुन्याच्या शेवटच्या रेघेवरच थांबतो. अकॅडमीत स्टॉपवॉच नाही. होतं, मी त्याच्यावर बसलो. तेव्हापासून माप एकच, आणि ते फ्लेक्सवर लिहिलेलं आहे: जो हवालदाराच्या पुढे, तो भरतीत. आजवर जी जी पोरं हवालदाराच्या पुढे गेली ती सगळी वर्दीत आहेत. चौघं आहेत. त्याखाली दुसरी ओळ: इथे 'थांब' म्हणायला मनाई आहे. दोन्ही वाक्यं माझी स्वतःची.

आज तिसऱ्या वळणावर हवालदार एकदम कळवळून ओरडला. मागचा उजवा पाय वर धरून तीन पायांवर रेघेपर्यंत आला. गोळा आला असणार. थंडी पडायला लागली आहे.

संकल्प: उद्यापासून बॅचबरोबर स्वतः पळायचं. भजी बंद.

४ नोव्हेंबर

पळालो नाही. बूट चावतो.

५ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. आज ऋतिक हवालदाराच्या पुढे गेला! ऋतिक आमचा सगळ्यात चांगला पोरगा, पण गेल्या आठवड्यापर्यंत त्याला हवालदाराची शेपटीच दिसायची. त्याच्यामागून आणखी तिघं पुढे गेले. माझ्या ट्रेनिंगला फळ यायला लागलं.

हवालदार तीन पायांवरच पळाला, तरी पळाला. याला म्हणतात स्पिरिट. फक्त बसताना नीट बसत नाही. पूर्वी ताठ बसायचा, आता तो पाय बाजूला फेकून बसतो, नवरदेवाकडच्या पाहुण्यासारखा. शिस्त ढिली पडली आहे. लक्ष घालायला हवं.

८ नोव्हेंबर

दीपमाला ऐकेना. दीपमाला म्हणजे आमच्या मिसेस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. म्हणाली, चार दिवस झाले तो पाय टेकवून नाही राह्यला, अन् तुम्ही स्पिरिट स्पिरिट करता. शेवटी सरदारभाईंच्या ऑटोत घालून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पूनमसिंग राठोड. माणूस चांगला आहे, पण दिवसभर गाई-म्हशी बघणारा. धावपटूचा अनुभव कमी. त्यांनी एका हाताने हवालदाराची मांडी धरली, दुसऱ्या हाताने नडगी, आणि नडगी पुढे ओढली. ती सरकली. टेबलाचा खण उघडावा तशी सरकली. हवालदार चावला नाही, भुंकला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यावर म्हैस होती.

डॉक्टर म्हणाले, संघदीपभाऊ, याच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. दोन हाडं बांधून ठेवणारी दोरी समजा. मी म्हणालो, पाय मुरगळला असेल, वळण खराब आहे. ते म्हणाले, कुत्र्याची ही दोरी एका दिवसात नाही तुटत, आतल्या आत महिनोन्‌महिने झिजत येते, अन् वरून वजन किती वाढवून ठेवलं याचं. मी म्हणालो, ते मसल आहे. त्यांनी हवालदाराच्या पोटाखाली हात घातला आणि लोंबणारी चरबी मुठीत धरून दाखवली.

उपाय दोन सांगितले. नागपूरला ऑपरेशन, त्यांच्या ओळखीचे सर्जन आहेत, आत्ता नेला तर चांगला चालेल म्हणे. नाही तर बांधून ठेवा, पक्का आराम, फक्त शी-शूला दोरीने बाहेर. पळणं एकदम बंद. वजन उतरवा. त्यांनी दिल्या तेवढ्याच गोळ्या द्या, माणसाच्या गोळ्या चुकूनही नका देऊ, कुत्र्याच्या पोटात रक्त होते. आणि जाता जाता म्हणाले, एक गुडघा गेला की पुष्कळदा दुसराही जाते, सांभाळा.

निगेटिव्ह माणूस.

९ नोव्हेंबर

ऑपरेशनवर विचार केला. हवालदार ऑपरेशनला गेला तर बॅचचं माप काय? ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख कधीही लागू शकते. शिवाय कापाकापी म्हणजे हार मानणं. मी स्वतः गेली कित्येक वर्षं उजव्या गुडघ्यावर एक कापही न घेता जगतो आहे. जिना सोडला तर काही त्रास नाही. आणि मांडी घालणं सोडलं तर. आणि सकाळ.

ठरलं. आराम. आजपासून हवालदार ओट्याच्या खांबाला. डॉक्टरांचं ऐकायचं म्हणजे ऐकायचं, मी सायन्सवाला माणूस आहे. मैदानाबाहेरचे चहावाले देवीलाल म्हणाले, बैलाले डागतात तसं डागून टाका सर, पाय मोकळा होते. मी त्यांना हात जोडले. म्हणालो, ते दिवस गेले, देवीलालजी.

१० नोव्हेंबर

मी शिट्टी वाजवली. हवालदार दोरीसकट आला. खांबाचा हूक उपटला.

११ नोव्हेंबर

नवीन हूक. नवीन दोरी. शिट्टी. दोरी चावून तोडली आणि आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण मनातून रागावून.

दीपमाला म्हणाली, तुम्ही ती शिट्टीच काहून वाजवता? हात वर करा, रुमाल हलवा, पोरं काय आंधळी हायत? तिला काय सांगणार! शिट्टी काढून घेतली तर प्रशिक्षक आणि नुसता उभा असलेला माणूस यात फरक काय राहतो? मी तिला समजावून सांगितलं की शिट्टीने तो स्वतःहून येतो. आपण त्याला पळवत नाही. त्याची इच्छा आहे. इच्छाशक्तीला दोरी बांधता येत नाही.

हे वाक्य पुढच्या फ्लेक्सवर घ्यायचं.

१४ नोव्हेंबर

मधला मार्ग काढला. शिट्टी हळू वाजवायची. पोरांना ऐकू आली नाही. हवालदाराला आली.

१९ नोव्हेंबर

डाएट सुरू. त्याचं आणि माझं. त्याला पोळी अर्धी, मला भाकरी एक. पोरांना ताकीद दिली की उकडलेली अंडी हवालदाराला द्यायची नाहीत.

संध्याकाळी देवीलालजींकडे गरम भजी निघाली होती. हवालदार दोरीने शेजारी बसला होता, पाय बाजूला टाकून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाऊन त्याला न देणं हे माणुसकीला धरून नाही. डाएट सोमवारपासून.

२५ नोव्हेंबर

ऐतिहासिक दिवस. आज अख्खी बॅच हवालदाराच्या पुढे. अख्खी! शेवटचा पोरगासुद्धा, जो पळताना पोट धरतो तोही. अकॅडमीच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. मी सगळ्यांना उभं करून भाषण केलं. म्हणालो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुम्ही कुठे होता आणि आज कुठे आहात. दोघातिघांचे डोळे भरून आले. माझेही.

फिजाने रंगाचा बेरंग केला. मुलींचं अंतर निम्मं, ती अर्ध्यातच थांबते, त्यामुळे तिला बघायला वेळ फार असतो. म्हणाली, सर, आपण फास्ट कुठं झालो, तो स्लो झाला ना. मी म्हणालो, हा आत्मविश्वासाचा अभाव आहे. ती म्हणाली, मी मोबाइलवर टाइम लावून पाह्यला, सगळ्यांचा जुनाच येऊन राह्यला, ऋतिकचा तर वाढला. मोबाइल माझ्यासमोर धरला. मी पाहिला नाही. मैदानात मोबाइलला मनाई आहे, फ्लेक्सवर नसली तरी आहे.

मग ती हवालदारापाशी जाऊन बसली. त्याचा पाय मांडीवर घेतला. म्हणाली, सर, याचा हा गुडघा आतून सुजून गोट्यासारखा झाला, हात लावून पाहा. मी म्हणालो, मसल बनत आहे.

१ डिसेंबर

हवालदाराची उजवी मांडी डावीपेक्षा बारीक झाली आहे. दीपमालाने दाखवलं. वजन उतरतं आहे, म्हणजे डाएट लागू पडलं. डॉक्टरांना फोन करून सांगणार होतो, पण त्यांना दवाखान्यात गर्दी असते.

३ डिसेंबर

सरदारभाईंना भेटलो. एसटी स्टँडजवळ त्यांचं गॅरेज. मी सलाम केला, त्यांनी जयभीम केला. मी त्यांना हवालदारासाठी नी-कॅप बनवायला सांगितली. स्कूटरची जुनी ट्यूब, दोन पट्टे, एक बक्कल. ते म्हणाले, सर, मले गाडीचं समजते, जनावराचं नाही. मी म्हणालो, गुडघा आणि गाडीचा शॉकअप, फरक काय? मग त्यांनी बनवून दिली. दिसायला फर्स्ट क्लास. हवालदार एकदम स्पोर्ट्समन दिसतो.

फिजाचा विषय मी काढला नाही. त्यांनी काढला. म्हणाले, पोरीची वयाची मर्यादा संपून राह्यली, तिच्यासाठी हा लास्ट चान्स हाय सर, नीट पाहा. मी म्हणालो, माझ्या बॅचमध्ये लास्ट चान्स हा शब्द नाही.

६ डिसेंबर

वर्षात एकच दिवस मैदान बंद असतं, तो आजचा. सकाळी विहारात गेलो, दुपारी महापरिनिर्वाण दिनाची अभिवादन सभा. शिट्टी दिवसभर खुंटीला. हवालदार ओट्यावर झोपून राहिला.

७ डिसेंबर

चमत्कार! हवालदाराने सकाळी चारही पाय टेकवले. पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेला आणि पाय टेकवत परत आला. नी-कॅपचा गुण! दीपमाला म्हणाली, काल एक दिवस पडून राह्यला म्हणून. मी म्हणालो, काल नी-कॅप होतीच की. ती म्हणाली, असंच चार हप्ते ठेवा त्याले, हात जोडते तुमच्या. मी म्हणालो, बघू.

शिट्टी वाजवली. आला. दुसऱ्या फेरीत पाय पुन्हा वर.

नी-कॅप सैल झाली असावी.

११ डिसेंबर

नी-कॅपखाली कातडं सोललं. घट्ट केल्यामुळे. काढून टाकली. सरदारभाईंना कळवलं. ते म्हणाले, मी सांगितलं होतं सर, मले गाडीचं समजते.

माझा स्वतःचा गुडघाही दुखतो आहे. सहानुभूतीने असेल. माणसांच्या डॉक्टरांनी मागे लिहून दिलेल्या माझ्या गोळ्यांतली एक घेतली. मस्त गोळी आहे. अर्ध्या तासात माणूस उभा.

१५ डिसेंबर

फिजा गेली. उद्यापासून यवतमाळ रोडवर एकटी पळणार, मोबाइलच्या घड्याळावर. सरदारभाई पहाटे स्कूटरवर मागून जाणार. जाताना भांडली नाही, हे मला जास्त लागलं. फक्त म्हणाली, सर, मी त्याच्या पुढं नाही पळू शकत. मी म्हणालो, का, तू तर तीन आठवड्यांपासून पुढे आहेस. ती म्हणाली, म्हणूनच.

मुलींचं मन हळवं असतं. पोलिसात अशानं कसं होणार, काळजी वाटते.

शिट्टी वाजवली तेव्हा हवालदार सुटला आणि पहिल्या वळणावर थांबून इकडे तिकडे बघायला लागला. तिला शोधत होता. मग आपला पुढे निघाला, तीन पायांवर.

२२ डिसेंबर

नवीन फ्लेक्ससाठी फोटो काढला. पोरं मागे रांगेत, मी मध्ये, हवालदार पुढे. फोटोवाला म्हणाला, सर, कुत्रं या बाजूनं वाकडं दिसून राह्यलं. आम्ही त्याला दुसऱ्या बाजूने वळवून बसवलं. डाव्या बाजूने अजूनही जबरदस्त दिसतो. फ्लेक्सवर लिहिलं: यंदा शंभर टक्के बॅच हवालदाराच्या पुढे.

डाव्या पायावर तो हल्ली सगळं वजन टाकतो. उभा राहिला की तो पाय किंचित थरथरतो. थंडी यंदा जास्तच आहे.

२ जानेवारी

ग्राउंडची तारीख लागली! यवतमाळ, पुढच्या आठवड्यात. त्याआधी परवा फायनल ट्रायल. ही आमच्याकडची पद्धत आहे. फायनल ट्रायलला पालक येतात, रेघेवर नारळ फुटतो, आणि पोरं हवालदाराबरोबर शेवटचं पळतात. त्याला मागे टाकून पलीकडे गेला की पोराला वाटतं, आपण आता पोलीस. ही मानसशास्त्रीय गोष्ट आहे. घड्याळवाल्यांना कळणार नाही.

अडचण अशी की आज हवालदार शिट्टीला उठला, पण ओट्याच्या पायरीवरच बसला.

दीपमालाला सांगितलं, फक्त परवाचा एक दिवस. त्यानंतर पक्का आराम. मार्चमध्ये नागपूर, ऑपरेशनसुद्धा करू, मी स्वतः घेऊन जाईन. ती म्हणाली, तुमचा मार्च कधी येते हे मले माहीत हाय. आणि आत गेली.

पण मी खरंच ठरवलं आहे. इथे लिहून ठेवतो. मार्च, नागपूर.

४ जानेवारी, पहाटे

डॉक्टरांच्या गोळ्या कधीच्या संपल्या. माझी गोळी गुळात घालून हवालदाराला दिली. काल संध्याकाळी एक, आत्ता एक. डॉक्टर म्हणाले होते, माणसाच्या नको, पण ते जनरल बोलणं. प्रत्येक पेशंटला तेच सांगतात. हवालदार काय साधा कुत्रा आहे? आणि फक्त आजचा दिवस.

गूळ त्याने बोटांपर्यंत चाटून घेतला. तासाभरात उभा राहिला, शेपूट हलवली. बघा! मस्त गोळी आहे.

४ जानेवारी, दुपार

ट्रायल झाली. नारळ फुटला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

हवालदार शिट्टीवर असा सुटला की ऑक्टोबरची आठवण झाली. जवळजवळ चारही पायांवर. पहिली फेरी पोरांच्या बरोबरीने. मी ओरडत होतो, शाबास, शाबास. दुसऱ्या फेरीला मागे पडला. पोरं एकेक करून रेघेपलीकडे गेली, पालकांनी त्यांना उचलून घेतलं. हवालदार शेवटच्या वळणावर होता, एकटा. तिथे त्याचा डावा पाय गेला.

आवाज मोठा नव्हता. तो नुसता मागून खाली बसला, आणि उठायला गेला तर मागचं काहीच उठेना. मग पुढच्या दोन पायांनी ओढत ओढत रेघेकडे यायला लागला. पालक हसले. त्यांना वाटलं, शिकवलेली करामत आहे. मीही थोडा हसलो, ते बघत होते म्हणून.

रेघेपर्यंत आला. तिथे पडून राहिला. ऋतिकने त्याला उचलून ओट्यावर आणला.

बॅच शंभर टक्के.

५ जानेवारी

सकाळी हवालदाराने ओकलं, कॉफीच्या चोथ्यासारखं. मग काळी शी, डांबरासारखी. दीपमालाने डॉक्टरांना घरीच बोलावलं. त्यांनी सलाइन लावलं. विचारलं, काय दिलं होतं याले? मी म्हणालो, गूळ.

दीपमाला आतून माझं गोळ्यांचं पाकीट घेऊन आली आणि त्यांच्या हातात ठेवलं.

डॉक्टर माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. पाकीट उलटसुलट पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाले, पोटात जखमा झाल्या. आधी हे थांबू द्या, गुडघ्याचं मग पाहू. आता दोन्ही गुडघे हायत.

मी मार्चचं सांगितलं. ते सलाइनकडे बघत होते, बहुतेक ऐकू गेलं नाही.

८ जानेवारी

रक्त थांबलं. हवालदार भाताची पेज पितो. दीपमाला चमच्याने पाजते. मी पाजायला गेलो तर माझ्या हाताचा वास घेऊन गूळ शोधतो. मी मग गेलो नाही. परवा ग्राउंड आहे, तयारी फार आहे.

पोरांना शिट्टीशिवाय पळवलं, हात वर करून. जमतं. तेवढं काही अवघड नाही.

१० जानेवारी, यवतमाळ

भरतीचं ग्राउंड. पायाला चिप बांधतात, मशीन टाइम मोजतं. पोरं छाती काढून गेली. ऋतिकने वाकून माझ्या पाया पडायला सुरुवात केली, मी म्हणालो, अरे, वर्दी आली की पड.

एकही पास नाही. पळण्यात सगळे खाली. ऋतिक बऱ्यापैकी खाली.

फिजा पास झाली. मुलींच्या पळण्यात पुढून पाचवी. मी टाळ्या वाजवल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगितलं की माझी विद्यार्थिनी. तेवढ्यात सरदारभाई तिथे आले. माझ्याकडे पाहून हसले, चांगलं हसले. भांडले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या बसमध्ये बसलो. लोहाऱ्याच्या पुढे ऋतिक माझ्या सीटपाशी आला. म्हणाला, सर, आपण हवालदाराले अर्धा राउंड मागं टाकलं होतं ना. मी म्हणालो, हो. म्हणाला, मंग? मी म्हणालो, तिकीट सांभाळून ठेव. तो दांडी सोडून मागे जाऊन बसला.

११ जानेवारी

कारणांवर विचार केला. यवतमाळची माती भुसभुशीत. चिपचं वजन. सकाळचं धुकं. पोरांनी आदल्या रात्री हॉटेलात खाल्लं. फिजा पास झाली म्हणजे पायाभरणी अकॅडमीची, हे कोणीही मान्य करेल. फ्लेक्सवर तिचा फोटो टाकता येईल. सरदारभाईंना विचारावं लागेल.

विचारलं नाही.

१३ जानेवारी

पोरं आली नाहीत. थंडी आहे.

१५ जानेवारी

आली नाहीत. संक्रांतीला गावाकडे गेली असतील. फ्लेक्सचं एक टोक सुटलं आहे, बांधायला हवं.

संध्याकाळी फिजा येऊन गेली, पेढे घेऊन. माझ्या पाया पडली. पेढा घेतला, खिशात ठेवला. मग हवालदारापाशी बसली. तो तिला बघून उठायला गेला, पुढून उठला, मागून राहिला. ती त्याच्या मानेत तोंड घालून रडली. मी आत जाऊन पाणी प्यायलो. दोनदा.

१७ जानेवारी

डॉक्टर पूनमसिंगांना फोन केला. विचारलं, नागपूरला अजून होईल का? मार्च नाही, आत्ता, उद्याच. ते म्हणाले, संघदीपभाऊ, नोव्हेंबरात एक गुडघा होता, मांड्या भरल्या होत्या, पोट ठीक होतं. तवा झालं असतं. आता दोन्ही एकदम, अंगात रक्त नाही, वय झालं, भूलच झेपणार नाही त्याले. मी म्हणालो, मग करायचं काय? म्हणाले, पडू द्या. उशी द्या, कूस बदलत राहा, उठू नका देऊ.

म्हणजे तेच. आठ नोव्हेंबरला सांगितलं होतं तेच.

२० जानेवारी

सकाळी मैदानात गेलो. कोणी नव्हतं. तरी चुना टाकला, सुरुवातीची रेघ आणि शेवटची रेघ. शिट्टी गळ्यात होतीच. कशासाठी वाजवली ते मला सांगता येणार नाही. वाटलं, एखादा पोरगा रस्त्यावरून जात असेल तर ऐकेल.

हवालदाराने ऐकली.

ओट्यावरून खाली पडला, तो आवाज मला मैदानातून आला. मग कुंपणाच्या फटीतून दिसायला लागला. पुढच्या दोन पायांवर, मागचं सगळं जमिनीवरून ओढत. मी शेवटच्या रेघेपाशी होतो. ओरडलो, थांब. पुन्हा ओरडलो, थांब रे, थांब. त्याने कान टवकारले, शेपूट हलवली आणि अजून जोर लावला. त्याला वाटलं, मी शाबास म्हणतो आहे.

थांब त्याला कळत नाही. तो शब्द मी त्याला कधी शिकवलाच नाही.

मी त्याच्याकडे पळालो. म्हणजे पळायला गेलो. गुडघ्याने चार पावलांत साथ सोडली, मातीत बसलो, तो माझ्या बाजूने निघून गेला. नखांचा ओरखडा मातीवर उठत होता. रेघेपर्यंत गेला. रेघ ओलांडली, मगच थांबला. मान वळवून माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं.

शाबास म्हणालो. तो त्याचीच वाट बघत होता. मग मला रडू आलं, मोठ्याने, आणि मी ते थांबवलं नाही.

दीपमाला घरातून पोतं घेऊन आली. दोन टोकं तिने धरली, दोन मी. मधेमधे टेकवत त्याला ओट्यावर आणलं. त्याच्या पोटाला चुना लागला होता, तो दीपमाला ओल्या फडक्याने पुसत बसली. मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्याकडे दिली. तिने ती पदरात बांधली आणि पुसत राहिली.

उद्या सुट्टी.